चराईची वाट
गेल्या आठवड्यात इंदापूरच्या एका माळावर, रोख पैसे मोजून चराईला घेतलेल्या पडीक रानात, पायबंद घातलेल्या दोन भीमथडी घोड्या कुसळी गवतात उभ्या होत्या आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बांधापलीकडच्या शेजाऱ्याने बाभळीच्या ताज्या काट्या रचून ठेवल्या होत्या, हे पाहून मन विषण्ण झाले. भीमाखोऱ्यातील ज्या जनावराने मराठ्यांच्या घोडदळाला वेग दिला, जे आजही धनगरांचे बिऱ्हाड नवजात कोकरांसकट पाठीवर वाहते आणि ज्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, त्याला बारामती-इंदापुरात, नीरा डाव्या कालव्याच्या उसापुढे माळराने आक्रसत असताना, टीचभर मोकळे रान मिळणे दुर्घट झाले आहे. शेजाऱ्याची तक्रार सर्वस्वी निराधार असते असे नाही. सुटलेले घोडे एका रात्रीत कडवळाचा फडशा पाडते, आणि त्यासाठी १८७१च्या कायद्याने कोंडवाड्याची तजवीज केलेली आहे. वाट अडवणे हा मात्र त्यावरचा इलाज नव्हे, दांडगाई आहे. माझे मत असे की, चराईची रक्कम पदरात पाडून घेणाऱ्या जमीनमालकानेच सातबारा घेऊन शेजाऱ्यापुढे उभे राहावे, आणि तो बधत नसेल तर, वहिवाट अडल्यापासून सहा महिन्यांच्या मुदतीत, १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दावा गुदरावा; पंधरवड्याने मुक्काम हलवणाऱ्या मेंढपाळाने कचेरीच्या तारखा कोणत्या वाड्यावरून सांभाळाव्यात?