समुपदेशन एकट्या मुलाचं नको, घराचं हवं



पालकसभेत हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "बाई, तुम्हीच याला समजावा, घरी कोणाचंच ऐकत नाही." पुढे समुपदेशकाचा विषय निघाला, की मुलाला एकट्यालाच पाठवलं जातं. माझं मत थोडं वेगळं आहे. मूल बिघडलंय असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा घरातला संवाद बिघडलेला असतो. म्हणून समुपदेशनाला आई-बाबांनीही बसायला हवं. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनीही.

साधं उदाहरण घ्या. आई-बाबांचा अबोला चालू आहे. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला सांग, मला भूक नाही." तिसरीतलं लेकरू दोघांचा पोस्टमन होतं! कोणाची बाजू घ्यावी हे त्याला कळत नाही. मग वर्गात लक्ष लागत नाही, शाळेच्या वेळेला पोट दुखतं, अभ्यास अर्धा राहतो. अशा मुलाला आपण कितीही समजावलं, तरी घरी गेल्यावर निरोप त्यालाच पोचवायचे असतात ना?

कुटुंबाच्या समुपदेशनात काय होतं?

साल्वादोर मिनुचिन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात घराच्या रचनेवर भर दिला. मोठ्यांचे वाद मोठ्यांमध्येच राहावेत, मुलाला मध्ये ओढू नये, हा त्यातला महत्त्वाचा विचार. समुपदेशक न्यायाधीश नसतो. चूक कोणाची, हे तो ठरवत नाही. तो निरोप्याला सुट्टी देतो आणि आई-बाबांना समोरासमोर बोलायला लावतो. "तुम्ही नेहमीच उशीर करता" याऐवजी "तुम्ही उशिरा आलात की मला काळजी वाटते" असं म्हणायला शिकवतो. पहिल्या वाक्याने भांडण पेटतं, दुसऱ्याने उत्तर मिळतं.

"आम्ही काय वेडे आहोत का?" आणि "घरातलं बाहेर कशाला?" हे दोन प्रश्न येणारच. पण १९८४ च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयातही आधी समेटाचा प्रयत्न केला जातो, तिथेही समुपदेशक असतात. मग कोर्टाची पायरी चढेपर्यंत थांबायचं कशाला?

खर्चाची अडचण खरी आहे. खासगी समुपदेशकाची फी सगळ्यांना परवडत नाही. सुरुवात म्हणून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. १४४१६ वर फोन केला की मराठीतही बोलता येतं.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. घरात मारहाण होत असेल, तर सगळ्यांना एकत्र बसवणं हा उपाय नव्हे. मार खाणारी व्यक्ती मारणाऱ्यासमोर मोकळं बोलणार कशी? तिथे आधी सुरक्षितता. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

शिक्षकांनो, आपण समुपदेशक नाही आणि तसा आवही आणू नये. पण पुढच्या पालकसभेत "याला दाखवून आणा" ऐवजी "तुम्ही सगळे मिळून जाऊन या" एवढं तर म्हणू शकतो. आणि पालकांनो, आजपासून एक करा. नवऱ्याचा किंवा बायकोचा निरोप लेकराच्या हाती देऊ नका. स्वतः बोला.