वायुवाहिन्यांचा लिलाव आणि ‘समान संधी’चे ढोंग

युरोपीय संघाच्या 2017 च्या नियमावलीनुसार सीमापार वायुवाहिन्यांची वहनक्षमता लिलावाने विकली जाते. 15 वर्षांपर्यंतची क्षमता आगाऊ घेता येते. भेदभाव नाही, सर्वांना समान संधी, असा डांगोरा या पद्धतीचे समर्थक पिटतात. परंतु लिलाव एकच प्रश्न विचारतो : पैसे किती? हिवाळ्यात कोणाच्या घरची चूल विझेल, हे त्याच्या हिशेबात नाही. किमान 20 टक्के क्षमता दीर्घ मुदतीच्या विक्रीतून वगळावी लागते, यातच कबुली दडलेली आहे : बाजार मोकळा सोडला, तर बडे खरेदीदार सारी वाहिनी अडवून बसतील!

जर्मनीतील ओपाल वाहिनीचा इतिहास बोलका आहे. तिची क्षमता वर्षाला सुमारे 36 अब्ज घनमीटर. 2009 मध्ये गाझप्रॉमच्या वापरावर निम्म्या क्षमतेची मर्यादा पडली. 2016 मध्ये युरोपीय आयोगानेच ती सैल करून उरलेल्या क्षमतेसाठी लिलावाचे दार उघडले. पोलंडने दाद मागितली. 2019 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि 2021 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आधार कोणता? ऊर्जाविषयक एकजुटीचे तत्त्व! इतर सदस्य राष्ट्रांच्या हिताची आयोगाने छाननीच केली नव्हती.

एकजूट लिलावातून उपजली नाही. ती न्यायालयाला बाहेरून आणावी लागली. म्हणूनच वहनक्षमतेच्या वाटपाचा पहिला निकष जनतेची गरज हाच असला पाहिजे, आणि ते वाटप सार्वजनिक नियोजनानेच झाले पाहिजे. बोलीचा क्रम त्यानंतरचा.