शिट्टीची शिकवणी

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण मोठ्या श्रद्धेने म्हणतो. कबड्डीच्या मैदानावर तर पाच नव्हे, सहा मुखे लागतात : एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. मग परमेश्वर हमखास प्रकट व्हायला हवा! पण शेवटच्या पाच मिनिटांत गुणफलक बरोबरीत आला, की या सहा मुखांतून सहा निराळे सूर निघू लागतात आणि प्रेक्षकांतून सातवा सूर सर्वांच्या वर चढतो. असे का होते?

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी विजयी संघाचे छायाचित्र छापून येते. मध्यभागी ढाल, शेजारी कर्णधार, मागे मार्गदर्शक प्राध्यापक. पंचाचे छायाचित्र छापावे अशी माझी मागणी नाही. माझा प्रश्न साधा आहे. खेळाडूला प्रशिक्षक असतो, सरावाला संध्याकाळ असते, चुकला तर कान धरणारा कोणी असतो. पंचाला काय असते? एक नियमपुस्तिका, एक परीक्षा आणि एक शिट्टी. जिल्ह्याची पंच परीक्षा देऊन गेली दोन वर्षे मी स्वतः सामन्यांना उभा राहतो आहे. तेव्हा हे काठावर बसून केलेले भाष्य नव्हे.

पंचाचे काम बाहेरून सोपे दिसते. एकच गोष्ट घ्या. बचावात सहा किंवा त्याहून अधिक खेळाडू असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, तर एक गुण मिळतो. मात्र त्या क्षणी त्याचा मागचा पाय हवेत हवा. म्हणजे पंचाने एकाच वेळी पुढचा पाय, मागचा पाय, रेषा आणि बचावपटूंची संख्या पाहायची. शिवाय कानांनी ‘कबड्डी, कबड्डी’चा दम तुटतो का, हेही ऐकायचे. पुस्तिकेत हे तीन ओळींत मावते. मैदानावर ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडून जाते. नियम पाठ असणे आणि नियम दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली परीक्षा मुख्यत्वे पहिलीच तपासते.

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी मी गुणलेखक म्हणून गेलो होतो. अनुभवी पंच दुसऱ्या मैदानावर अडकले, म्हणून अंतिम सामना दोन नवख्या पंचांच्या हाती आला. शालेय सामन्यांपलीकडे त्यांनी काही पाहिले नव्हते. शेवटच्या चढाईला बोनसचा प्रश्न आला. पंचाने गुण दिला. गर्दी ओरडली, तेव्हा काढून घेतला. आयोजक पुढे आले, तेव्हा पुन्हा दिला. यजमान संघ एका गुणाने जिंकला. हरलेली पोरे एक शब्द न बोलता एस. टी. स्टँडकडे निघाली. पंचाला नारळ आणि पाकीट मिळाले. त्याने काय चुकवले, हे मात्र त्याला कोणीच सांगितले नाही. त्या पंचाला मी दोष देत नाही. पोहायला न शिकवता ज्याला विहिरीत ढकलले, त्याच्या हातपाय मारण्यावर हसण्यात काय अर्थ?

कोणी म्हणेल, खेळच तो, एवढे काय मनावर घ्यायचे! मित्रहो, आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी ठराविक दर्जाच्या स्पर्धांतले यश दाखवावे लागते. शेतमजुराच्या घरचा एखादा मुलगा त्या पदकाकडे नोकरी म्हणून पाहतो. त्याचे भवितव्य एका शिट्टीवर टांगलेले असेल, तर ती शिट्टी शिकलेली नको का?

आणि हा दोष खेड्यातल्याच मैदानांचा आहे, असेही समजू नका. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही गेले. बाद कोण आणि किती? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरा. निर्णय फिरला, पुन्हा फिरला. खेळाडू मैदानावर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ असा विजयी झाला. आपण टाळ्या वाजवल्या, त्या वाजवायलाच हव्या होत्या. पण सुवर्णपदकाच्या सामन्यात नियम कोणता, यावरच वाद व्हावा, हे पंचांना एकसारखे शिकवण्याची व्यवस्था किती तोकडी आहे याचे द्योतक नव्हे काय?

मग करावे काय? माझ्या मते पंच पायरीपायरीने घडवावा. पहिल्या पायरीवर त्याला सहायक गुणलेखक करावे. अंतिम रेषेवर नजर ठेवणे, बाद झालेल्यांना क्रमाने बसवणे आणि त्याच क्रमाने परत पाठवणे, यातच त्याचा डोळा तयार होतो. मग कुमारांचे सामने. तिथे वेग कमी आणि शिकायला वाव अधिक. त्यानंतर खुल्या गटात, पण जोडीला मुरलेला पंच देऊन. सरपंचाची खुर्ची सर्वांत शेवटी. कारण दोन पंचांत मतभेद झाला, तर तोडगा त्यालाच काढावा लागतो, आणि तोडगा काढणाऱ्याने दोन्ही बाजूंना उभे राहून पाहिलेले असावे. क्रिकेटच्या वृंदा राठी यांचे उदाहरण बोलके आहे. गुणलेखिका म्हणून सुरुवात करून पुढे त्या पंच झाल्या, आणि २०२३ साली रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव आले. आपल्या विद्यार्थिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट देखरेखीची. प्रत्येक महत्त्वाच्या सामन्याला एक जाणता पंच मैदानाबाहेर वही घेऊन बसावा. सामना चालू असताना त्याने तोंड उघडू नये. खेळाडूंसमोर तर मुळीच नाही. चारचौघांत पंचाचा पाणउतारा झाला, की पुढच्या सामन्यात तो रेषेकडे कमी आणि त्या वहीकडे अधिक पाहू लागतो. सामना संपल्यावर चहा घेता घेता दहा मिनिटे बोलावे : अमुक चढाईला तू मध्यरेषेपाशी खिळून राहिलास, म्हणून तुला मागचा पाय दिसला नाही. एवढे पुरे आहे.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट मूल्यमापनाची. आज पंचाचे मूल्यमापन हरलेला संघ करतो, आणि तेही शिव्यांनी! हे थांबायला हवे. पण सगळ्यांना एकच फूटपट्टी लावणेही अन्यायाचे. नवख्याकडून नियमांचे ज्ञान, स्पष्ट खूण आणि वेळेवर शिट्टी एवढेच मागावे. मधल्या पायरीवरच्याची जागा घेण्याची रीत आणि सहकारी पंचाशी असलेला मेळ पाहावा. मुरलेल्याकडून मात्र पहिल्या मिनिटाला जो न्याय, तोच चाळिसाव्या मिनिटाला अपेक्षावा. हिरवे, पिवळे, लाल पत्र खिशात असूनही ते काढण्याची वेळ येऊ न देणे, ही त्याची खरी कसोटी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, कॅमेरे आले आहेत, आता पंचांची एवढी काळजी कशाला? पण कॅमेरा चित्र दाखवतो. त्या चित्राला कोणता नियम लावायचा, हे माणसानेच ठरवायचे असते. हांगचौला कॅमेरे काय कमी होते? शिवाय आपल्या मैदानावर अजून धड दिवे नाहीत. दुसरा आक्षेप पैशाचा. वही, पेन आणि एका जाणत्याची संध्याकाळ, एवढाच हा खर्च आहे.

म्हणून जिमखाना समितीपुढे माझी नम्र सूचना आहे. दरवर्षी सहा विद्यार्थी-विद्यार्थिनी पंच म्हणून निवडाव्यात. आंतरवर्गीय सामने त्यांच्याकडे सोपवावेत. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी बाहेर बसून टिपणे ठेवावीत आणि वर्षअखेर ती त्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. आणि आपण प्रेक्षकांनी? आपण एवढेच करावे : एखाद्या नवख्या मुलीने आपल्याच वर्गाविरुद्ध शिट्टी वाजवली, तर ओरडण्यापूर्वी तिचा मागचा पाय हवेत होता की जमिनीवर, हे आपल्याला खरोखर दिसले होते का, असे स्वतःला विचारावे. चढाई करणारीचा पाय, पंचाचा नव्हे!