निमोची पत्रिका

‘फाइंडिंग निमो’ 2003 साली आला. तो पाहणारी मुले आता स्वतः आईबाप झाली, तरी घरातला हट्ट तोच आहे: खाऱ्या पाण्याची टाकी हवी आणि तिच्यात निमो हवा. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे ‘निमोबरोबर काय ठेवू?’ हा प्रश्न कार्यक्रमातल्या चहाच्या रांगेतही मला गाठतो.

आधी पाणी, मग मासा. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. तो पचवणारे जिवाणू दगडांवर वसायला महिना-सव्वा महिना घेतात. तोवर मासे न सोडता, चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून टाकी चालवावी. दुधाला विरजण लावून थांबतो तसे थांबावे. घाई केली की मासे अमोनियाने दगावतात आणि ‘याचे त्याच्याशी पटले नाही’ म्हणून आळ येतो बिचाऱ्या शेजाऱ्यावर.

पत्रिकेत आपण देवगण, मनुष्यगण, राक्षसगण पाहतो. लग्नात त्याचा किती उपयोग होतो ते सोडा, टाकीत मात्र होतो. निमो, म्हणजे क्लाउनफिश, पहिल्या टाकीला चांगला. दोन लहान मासे एकदमच घ्यावेत. मोठा होईल तो मादी होतो, दुसरा नर. मादी गेली तर नराचीच मादी होते, म्हणजे शास्त्राप्रमाणे निमोचे बाबा पुढे आई व्हायला हवे होते! समुद्रफूल मात्र पहिल्या वर्षी नको. त्याला प्रखर प्रकाश आणि मुरलेले पाणी लागते. ते जागा सोडून फिरते, आणि पंपात अडकले तर सगळी टाकी नासते. सोबतीला एखादी शांत गोबी, साफसफाई करणारी कोळंबी, शैवाल खाणाऱ्या गोगलगाई पुरेत. पुढे मासा आजारी पडला तर तांब्याचे औषध या टाकीत घालू नका. मासा वाचेल, कोळंबी मरेल.

राक्षसगणात पहिला लायनफिश. तोंडात मावेल ते तो गिळतो. डॅमसेल स्वस्त आणि चिवट म्हणून नवख्यांना दिला जातो, पण एकदा कोपरा बळकावला की नव्या पाहुण्याला जगू देत नाही. निळी डोरी दुकानात बोटाएवढी असते आणि पुढे फूटभर होते. मँडरिन मासा गरीब स्वभावाचा आणि देखणा, पण तो जिवंत सूक्ष्म कवचधारी प्राणी टिपून जगतो. नव्या टाकीत तो उपाशी मरतो, आणि तेही हळूहळू, मुलांच्या डोळ्यांदेखत.

न्यूझीलंडमध्ये परदेशी मासे मंजूर यादीतलेच येतात आणि विलगीकरणात राहूनच दुकानात पोहोचतात. म्हणून सिडनीच्या भावाकडे पाहिलेला मासा इथे मिळत नाही, याबद्दल माझी तरी तक्रार नाही.

मला विचाराल तर याहून गंमत इथल्याच थंड समुद्राच्या टाकीत आहे: ट्रिपलफिन, कुशन स्टार हा छोटा तारामासा, पूपू गोगलगाय. इथेही गण पाहावेच लागतात. दगडाखाली दडणारा ऑलिव्ह रॉकफिश लहान मासे खातो आणि अकरा भुजांचा तारामासा शिंपल्यांवर तुटून पडतो. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारे यंत्र लागते आणि ते महाग असते. हे प्राणी निमोच्या उबदार टाकीत तगणार नाहीत. गोट आयलंडसारख्या राखीव क्षेत्रातून (हे 1975 पासूनचे) साधा शंखही उचलायचा नाही. इतर किनाऱ्यांवरही बंदी, मर्यादा किंवा राहुई आहे का ते आधी पाहावे.

टाकी मोडायची वेळ आलीच तर मासे दुकानाला किंवा दुसऱ्या शौकिनाला द्या. 1984 मध्ये मोनॅकोजवळ मत्स्यालयातले कॉलेर्पा शैवाल समुद्रात सापडले आणि पुढे भूमध्य समुद्राचा तळ व्यापत गेले. त्याच कुळातले परदेशी शैवाल 2021 मध्ये आपल्या ग्रेट बॅरियर बेटाजवळ आढळले. तिथे नांगर टाकण्यावरही निर्बंध आले. म्हणून टाकीतले शैवाल आणि वाळू कचऱ्याच्या डब्यात, आणि पाणी घरातल्या सिंकमध्ये. रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात ओतू नका, ते सरळ समुद्राला मिळते.