गिअर एकवीस, दिवा एकही नाही

एक छोटासा प्रयोग करा. आज रात्री जेवण झाल्यावर हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारा आणि मोजा. गिअरच्या सायकली किती? शॉकॲब्सॉर्बरवाल्या किती? आणि पुढे दिवा व मागे लाल रिफ्लेक्टर, दोन्ही असलेल्या किती? मी मोजल्या. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मोजता मोजता कंटाळा येतो. तिसऱ्याचं उत्तर आलं दोन! त्यातली एक वॉचमनकाकांची.

मी कुणाला नावं ठेवत नाही. डिसेंबरपर्यंत माझी सायकलही त्याच बिनदिव्याच्या रांगेत उभी होती.

डिसेंबरच्या सुट्टीत मला कुपवाड एमआयडीसीत चार आठवड्यांचं इनप्लँट ट्रेनिंग मिळालं. आपल्या गेटपासून कंपनी साधारण सहा किलोमीटर. रोज रिक्षा करणं परवडणारं नव्हतं आणि कुणाच्या तरी बाइकवर लिफ्ट मागत चार आठवडे काढणं मला पटत नव्हतं. सायकल तर होतीच. फर्स्ट इयरला बाबांच्या मागे लागून घेतलेली, लाल-काळी, एकवीस गिअर, मागेपुढे शॉकॲब्सॉर्बर. दुकानात गेल्यावर दहा मिनिटांत पसंत केली होती. कशावरून? रंगावरून! रोज कुठे जायचंय, किती वाजता जायचंय, सोबत काय न्यायचंय, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही आणि दुकानदारानेही विचारला नाही.

ते सगळे प्रश्न पहिल्याच आठवड्यात रस्त्याने विचारले.

पहिल्या दिवशी सलवारचा काठ चेनमध्ये गेला, कारण चेनकव्हर नव्हतं. काळ्या ऑइलचा पट्टा घेऊन मी एचआर मॅडमसमोर उभी! दुसऱ्या दिवशी पायाला रबरबँड लावला. डबा, ॲप्रन, सेफ्टी शूज, फाइल सगळं पाठीवर, कारण कॅरिअर नव्हतं. कंपनीत पोचेपर्यंत पाठ घामाने चिंब. पाण्याच्या टँकरमागून गेले तर पाठीवर चिखलाची सरळ रेघ, कारण मडगार्डही नव्हतं. आणि दुसऱ्या आठवड्यात स्टँडवर कुणाची तरी सायकल माझ्या सायकलवर पडली आणि मागच्या गिअरचा पत्रा वाकला. कुपवाडच्या रस्त्यावरचे पंक्चरवाले काका बघून म्हणाले, "ताई, हे आपल्यात होत नाही. सांगलीत दाखवा." त्यांच्या हातात पाना होता आणि शेजारी पाच सायकली दुरुस्त होऊन उभ्या होत्या. माझीच तेवढी 'स्पेशालिस्ट'कडे पाठवण्यासारखी निघाली.

कंपनीच्या स्टँडवर सावळी, बामणोली, बुधगावहून येणाऱ्या कामगारांच्या सायकली असायच्या. काळ्या, जड, कॅरिअरला डबा अडकवलेल्या, चेनवर पूर्ण झाकण. आपण ज्यांना 'दूधवाल्याची सायकल' म्हणून हसतो ना, त्याच. ही माणसं वर्षानुवर्षं त्यावर कामाला येतात आणि त्यांच्या पँटला ऑइल लागत नाही. मला तेव्हा कळलं की मिरवायची सायकल वेगळी आणि कामाची वेगळी.

आता थोडं इंजिनिअरिंग. माझ्या एकवीस गिअरपैकी चार आठवड्यांत मी वापरले तीन. सांगली-मिरज-कुपवाडचा रस्ता बहुतेक सपाट आहे. पुढे चव्वेचाळीस दात आणि मागे अठरा असतील तर पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर धरला तर एका फेरीत पाच मीटरच्या वर. मिनिटाला साठ पायडल मारले, म्हणजे अगदी गप्पा मारत, तरी ताशी एकोणीस किलोमीटर होतात. कामाला जायला याहून जास्त वेग कशाला हवा? मागचा शॉकॲब्सॉर्बर तर आपण मारलेल्या जोरातला थोडा स्वतःच्या स्प्रिंगमध्येच खातो आणि वर वजन वाढवतो. जाड नक्षीदार टायर डोंगरातल्या मातीसाठी असतात. डांबरावर ते नुसते घरघर करतात आणि दमवतात.

याचा अर्थ गिअर वाईट असं मी म्हणत नाही. पुण्यात कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ रोज चढायचा असेल तर गिअर पाहिजेतच. डिस्कब्रेकचंही कौतुक करायलाच हवं. पावसात स्टीलची रिम ओली झाली की रबराचे ब्रेक नुसते घसरतात, तिथे डिस्कब्रेक पकडतो. मुद्दा इतकाच की सायकल रस्ता बघून घ्या, पोस्टर बघून नको.

इथपर्यंत हा लेख गमतीचा झाला असता आणि मी इथेच थांबले असते. पण जानेवारीत आपल्या मेसचे मामा पडले.

तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, पण परत लिहिते. मामा बामणोलीहून सायकलने येतात. सकाळी सातला आपल्याला पोहे आणि चहा मिळावा म्हणून पहाटे पाचला घरून निघतात. त्या दिवशी अंधारात मागून एक बाइक आली आणि मामांना उडवून पुढे जाऊन पडली. मामांचा पाय मोडला. बाइकवाला मुलगा आपल्याच वयाचा, पळून गेला नाही, त्यानेच रिक्षा थांबवली. तो सारखा एकच वाक्य म्हणत होता, "दिसलेच नाहीत ओ, दिसलेच नाहीत."

तो खोटं बोलत नव्हता. हिशोब करून बघा. ताशी पन्नास म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जायला एक-सव्वा सेकंद, आणि त्यापुढे गाडी थांबायला आणखी पंधरा-सोळा मीटर. म्हणजे एकूण तीसच्या वर. आपलं बास्केटबॉलचं कोर्ट 28 मीटर लांब आहे. म्हणजे कोर्टाच्या या टोकाला असताना पलीकडच्या टोकाच्याही पुढचा माणूस दिसला, तरच तो वाचणार! डिपरच्या उजेडात काळी सायकल आणि मळकट स्वेटर तेवढ्या लांबून दिसत नाही. चांगला लाल रिफ्लेक्टर शंभर मीटरच्या वरून चमकतो. फरक एवढाच, पण तो पायाच्या हाडाएवढा.

मामांसाठी आपण वर्गणी काढली. मीही दोनशे रुपये दिले आणि दोन दिवस मला फार बरं वाटलं. मग स्टँडवर त्यांची वाकलेली सायकल बघताना लक्षात आलं की मागच्या मडगार्डवरचा रिफ्लेक्टर कधीच पडून गेलाय, नुसता स्क्रू शिल्लक आहे. चाळीस-पन्नास रुपयांची चमकणारी लाल पट्टी लागली असती. अडीच वर्षं मी त्या सायकलजवळून जेवायला जाते. आम्ही ऑप्टिक्समध्ये रिफ्लेक्शनचे नियम पाठ केले, आकृत्या काढल्या, मार्क मिळवले. त्या स्क्रूकडे एकानेही बघितलं नाही. आणि डिसेंबरभर त्याच अंधारात, उसाच्या ट्रॉल्यांमधून, मी स्वतः बिनदिव्याची आले-गेले. मी वाचले ते हुशारीने नाही, नशिबाने.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. कामावर जाण्यासाठी सायकल घेणाऱ्याने पैशाची वाटणी उलटी करावी. आधी दिवा, रिफ्लेक्टर, ब्रेक. मग मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, कुलूप. आणि यातून काही उरलं तर गिअर. दुकानात मात्र हे सगळं 'एक्स्ट्रा' म्हणून विकतात आणि गिअर आतच असतात! हॉलंडमध्ये बघा. तिथली रोजची सायकल आपल्या काळ्या सायकलची सख्खी बहीण शोभेल अशी असते. ताठ बसायचं, चेनला झाकण, मागे कॅरिअर. मार्क रुटे हे 2010 ते 2024 या काळात तिथले पंतप्रधान होते आणि ते सायकलवरून ऑफिसला जायचे. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडेही माझे आजोबा सांगतात की त्यांच्या वेळी सायकलला दिवा नसला तर पोलीस अडवायचे. आता कुणी अडवत नाही, म्हणून आपण सुटलो असं आपल्याला वाटतं.

मी काय केलं ते सांगते. ती लाल-काळी सायकल एका ज्युनिअरला विकली (दिवा लावून!) आणि एक जुनी, बिननळीची लेडीज सायकल घेतली. दुकानात गेले आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या थाटात म्हटलं, "काका, ओव्हरहॉलिंग करायचंय." काका म्हणाले, "ओव्हरऑइलिंग म्हणा की मग." त्यांनी छर्रे बदलले, चाकाचा आउट काढला, नवे ब्रेक रबर टाकले. मी पूर्वीचा बाटलीसारखा डायनॅमो मागितला, तर त्यांनीच समजावलं की तो टायरला घासून पायाला जड जातो आणि सायकल थांबली की दिवाही विझतो. त्याऐवजी सेलवरचा एलईडी घेतला, मागे लुकलुकणारा लाल दिवा, आणि दोन्ही मडगार्डवर चमकणारी पट्टी. सीट अशी लावली की पायडल खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ होतो. हवा टायरच्या कडेला लिहिलेली असते तेवढीच भरते. गुडघे दुखणं आणि दम लागणं, दोन्ही तक्रारी यातच संपल्या. फायनल इयरचे जे दादा-ताई जुलैत नोकरीला लागतील त्यांनी पहिल्या पगाराची वाट न बघता एवढं जरूर करावं.

आता दोन मागण्या. पहिली रेक्टरसरांकडे. ऊसतोड सुरू व्हायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, एक संध्याकाळ वर्कशॉप उघडं ठेवावं. मेकॅनिकलची मुलं पाना धरतील, आम्ही पट्ट्या चिकटवू. पण फक्त विद्यार्थ्यांच्या सायकली नकोत. मेसचे मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, माळीकाका, वॉचमनकाका यांच्या आधी, कारण अंधारात कामाला येणारे तेच आहेत. दुसरी मागणी गॅदरिंग कमिटीकडे. डीजेचा अर्धा तास कमी करा, पट्ट्यांचे पैसे निघतील.

मामा मार्चमध्ये परत आले. थोडे लंगडतात. सायकल तीच. मी आणि रूममेटने मिळून त्यांना मागचा दिवा लावून दिला, तर म्हणाले, "कशाला ओ ताई, मला रस्ता तोंडपाठ हाय." मी म्हटलं, "मामा, तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून नाही, रस्त्याला तुम्ही दिसावं म्हणून." ते हसले आणि पोहे परतायला आत गेले. पण परवा पहाटे मला जाग आली, खिडकीतून बघितलं, तर गेटमधून एक लाल दिवा लुकलुकत आत येत होता.

ज्यांना त्या संध्याकाळी मदत करायची आहे त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसमधल्या वहीत नाव लिहावं. आणि त्याआधी, आज रात्री, स्टँडवर जाऊन स्वतःची सायकल मागून एकदा बघावी.