तीन विद्यापीठांचा जिल्हा आणि बीजनिधी

यवतमाळ जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या अमरावती विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. यवतमाळ शहरातील विभागीय कृषी संशोधन केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अमलाखाली चालते. आणि १९८९ साली सुरू झालेले वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पदव्यांपुरते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आहे. तीन विद्यापीठे, तीन अधिनियम, मंत्रालयातील तीन वेगवेगळी खाती, आणि या तिन्हींच्या वाट्याला आलेला फवारणीचा मजूर मात्र एकच. आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी विद्यापीठाने बीजनिधी कसा द्यावा, या प्रश्नाची चर्चा आम्ही याच जिल्ह्याच्या निमित्ताने करीत आहोत, याचे कारण एवढेच की, या प्रश्नाची खरी अडचण इथे कागदावर नव्हे तर रुग्णालयाच्या खाटांवर दिसून आली.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या अवधीत कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि आठशेहून अधिक जणांना उपचारार्थ दाखल करावे लागले. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीस तात्पुरती बंदी झाली, आणि यथाकाल अहवालही दाखल झाला. प्रशासनाचे काम तेथे एका परीने पुरे झाले. विद्यापीठांचे काम मात्र तेथून सुरू व्हावयास हवे होते. कपाशी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढल्यामुळे फवारा तोंडावर उलटत होता काय, हा पीकशास्त्राचा प्रश्न. गुलाबी बोंडअळी बीटी वाणांना जुमानीनाशी झाल्यावर फवारण्या किती वाढल्या, हा कीटकशास्त्राचा. बॅटरीवर चालणाऱ्या पंपाच्या नोझलमधून निघणारा थेंब श्वासावाटे आत जाण्याइतका बारीक होता काय, हा अभियांत्रिकीचा. दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवल्यावर त्यांचे काय होते, हा रसायनशास्त्राचा. मजुरी जेथे पंपाच्या हिशेबाने मिळते तेथे मजूर उन्हात आणि उपाशीपोटी किती वेळ थांबतो, हा अर्थशास्त्राचा. आणि बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, हे कोलामी बोलणाऱ्या पोडावर कोणी कधी समजावून दिले होते काय, हा समाजशास्त्राचा आणि भाषाशास्त्राचाही. सगळ्यांत निकडीचा प्रश्न वैद्याचा: ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विष असेल तर रक्तातील कोलिनएस्टरेजच्या तपासणीने निदानास आधार मिळतो आणि ॲट्रोपिनचा उपाय हाताशी असतो, परंतु डायफेन्थियुरॉनसारख्या वेगळ्या वर्गातील औषधावर असा नेमका उतारा नाही, म्हणून त्या सकाळी पंपात नेमके काय कालवले होते हे शिवारातले ज्ञान खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला तात्काळ हवे असते. ते ज्ञान त्याच शहरात, पण दुसऱ्या विद्यापीठाच्या अंगणात असते.

हे अंगण ओलांडण्यासाठी लागणारा पैसा फार नसतो, आणि तोच दुर्मिळ असतो. मोठ्या योजनांची वाण आपल्याकडे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘स्ट्राइड’ या नावाने बहुविद्याशाखीय संशोधनाची योजना जाहीर केली, तीत प्रस्तावाच्या प्रकारानुसार पन्नास लाखांपासून पाच कोटींपर्यंतच्या रकमांची तरतूद होती. २०२३ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी तर पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा अंदाज मांडण्यात आला. परंतु या दरवाजांशी जाताना अर्जदारांजवळ सिद्ध झालेला संघ, प्राथमिक निरीक्षणे आणि समान परिभाषा आधीच असावी लागते. कीटकशास्त्रज्ञाने आणि विकृतिशास्त्रज्ञाने एकमेकांच्या नोंदवह्या एकदाही पाहिलेल्या नसताना त्यांनी मिळून लिहिलेला कोटीचा प्रस्ताव बहुधा दोन स्वतंत्र प्रस्तावांची शिवण असते, आणि परीक्षकाला ती शिवण पहिल्या पानावरच दिसते. बीजनिधीचे प्रयोजन या शिवणीपूर्वीच्या काळात आहे.

आता विद्यापीठांचे बीजनिधी मुळीच नाहीत असे नाही. उलट, ‘नॅक’च्या मूल्यांकनात विद्यापीठाने आपल्या अध्यापकांना वर्षाकाठी किती लाखांचा बीजनिधी दिला हे विचारणारा एक रकाना आहे, आणि रकाना असला की तो भरण्याची तजवीज होते. ती तजवीज साधारणतः अशी: रक्कम पुष्कळ जणांत थोडी थोडी वाटावी, अर्जदार याच विद्यापीठाचा मान्यताप्राप्त अध्यापक असावा, आणि वर्षाअखेर उपयोगिता प्रमाणपत्र यावे. त्यामुळे रकमेचा आकडा भरतो, लाभार्थींचा आकडा भरतो. बहुविद्याशाखीयता तेवढी राहते, कारण ती भरण्यास रकाना नाही. ज्या स्टॅनफर्डचे नाव आपल्या परिसंवादांत पदोपदी घेतले जाते, तेथील बायो-एक्स संस्थेने २००० सालापासून दिलेल्या बीज-अनुदानांची अट याच्या नेमकी उलट आहे: दोन वर्षांपुरता पैसा, आणि तो वेगवेगळ्या विभागांतील माणसे एका प्रश्नापाशी एकत्र आली तरच.

पण एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. कापसाच्या मुलुखाला स्वतःचा पूर्वेतिहास आहे. १९२१ साली स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा खर्च १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठींवर बसविलेल्या उपकरातून भागत असे, म्हणजे पर्यायाने वऱ्हाडच्या कपाशीतूनही. त्या पैशातून १९२४ साली माटुंग्याला जी प्रयोगशाळा उभी राहिली तीत वाण तयार करणाऱ्याच्या कापसाची परीक्षा सूत कातून होत असे, त्यामुळे शेतातला शास्त्रज्ञ आणि गिरणीतला तंत्रज्ञ यांना एकमेकांचे म्हणणे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याच सुमारास त्याच कमिटीच्या साहाय्याने इंदूरला आलेल्या आल्बर्ट हॉवर्डने माती, पीक, जनावर आणि खत यांचा विचार एका आवारात केला; पऱ्हाट्यांचेही खत करणारी कंपोस्टची इंदूर पद्धत त्यातूनच निघाली, आणि कृषिसंशोधनाचे असे तुकडे पाडण्याविरुद्ध पुढे त्याने आपल्या ग्रंथात आवेशाने लिहिले. हॉवर्डची सगळीच मते आम्हांस मान्य नाहीत. परंतु पैसा शास्त्रशाखेला न देता पिकाला दिला तर शाखा आपोआप एकत्र येतात, हे त्या दशकाने दाखविले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

वेळेचा मुद्दा आमच्या मते रकमेहून मोठा आहे. इंग्रजी अमदानीत १८८४ च्या कायद्यान्वये शेतकऱ्याला बी आणि बैल यांसाठी मिळणारी तगाई मृग उलटून गेल्यावर हाती पडली तर ती घरखर्चात जाई, आणि तरीही सरकारी दप्तरात ती बियाण्याचीच म्हणून नोंदली जाई. ज्या विद्यापीठात अर्ज पावसाळ्यात मागवितात, छाननी दिवाळीनंतर होते, मंजुरी जानेवारीत निघते आणि खर्च ३१ मार्चपूर्वी दाखवावा लागतो, तेथील बीजनिधीची गत याहून वेगळी नसते. फवारणीतील विषबाधेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास मे महिन्यात पैसा हवा, कारण जूनमध्ये पेरणी, जुलैपासून फवारणी, आणि रक्ताचे नमुने घ्यावयाचे तर नीतिसमितीची अनुमती त्याआधी. जानेवारीत मिळालेल्या पैशातून त्याला संगणक घेता येईल, आणि तो बहुधा तेच घेतो. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

दुसरी अडचण बढतीच्या गणिताची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संयुक्त प्रकल्पाचे गुण प्रमुख अन्वेषक व सहअन्वेषक यांत निम्मे-निम्मे विभागले जातात, आणि दोहोंहून अधिक लेखकांच्या निबंधात प्रमुख लेखकास सत्तर टक्के, इतरांस तीस टक्के गुण मिळतात. या हिशेबाने पाहता पुसद किंवा वणी येथील महाविद्यालयातील अध्यापकाने रसायनशास्त्रातला छोटा, एकट्याचा प्रकल्प सोडून पाच जणांच्या संघात चौथ्या जागी का यावे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. एकीकडे सहकार्याचा उपदेश आणि दुसरीकडे सहकार्याला वजावट, असे धोरण आपण चालू ठेवले आहे. केंद्रीय विनियम विद्यापीठाला बदलता येत नाहीत. पण बीजनिधीतून निघालेल्या संयुक्त कामाची स्वतंत्र दखल घेणे, अध्यापनभारात थोडी सूट देणे, एवढे त्याच्या अखत्यारीत निश्चित आहे.

म्हणून अमरावती, अकोला आणि नाशिक या तिन्ही विद्यापीठांनी यवतमाळपुरता तरी एक सामायिक बीजनिधी काढावा असे आम्हांस वाटते. प्रत्येकाने आपापल्या अंदाजपत्रकातून समान हिस्सा घालावा, अर्ज एकच असावा, आणि किमान दोन विद्यापीठांचे अध्यापक नसलेला अर्ज छाननीसच घेऊ नये. या पैशातून यंत्रे घेण्यास मनाई असावी. तो प्रवासासाठी, क्षेत्रकार्यकर्त्यांच्या मजुरीसाठी, नमुन्यांच्या साठवणीसाठी, आणि फवारणीची रोजनिशी व रुग्णालयाची नोंद यांत एकाच नमुन्याचे रकाने आणण्यासाठी वापरावा. हे शेवटचे काम सर्वांत नीरस आणि सर्वांत टिकाऊ आहे. वर्षभरानंतर प्रश्न चुकीचा मांडला होता असे आढळले तर तसे लिहून देण्याची मुभा संघाला असावी, आणि तसा प्रामाणिक अहवाल उपयोगिता प्रमाणपत्राइतकाच ग्राह्य धरावा. विषबाधेखेरीज केळापूर-झरी भागातील भूजलातले फ्लोराइड आणि टिपेश्वरच्या सीमेवरील वाघ व गावे यांचे तिढेही असेच तीन-चार शास्त्रांत विखुरलेले आहेत. पण आरंभ एकाच विषयाने व्हावा.

यास हिशेब-तपासणीचा आक्षेप येईल, हे आम्ही जाणून आहोत: एका विद्यापीठाचा पैसा दुसऱ्याच्या सेवकाने कोणत्या नियमाने खर्च करावा? हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याचे उत्तर कुलगुरूंच्या भाषणात नव्हे, तर तिन्ही वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी एकत्र बसून केलेल्या दोन पानी करारनाम्यात आहे. ज्या वाचकांच्या विद्यापीठात बीजनिधीची नियमावली आहे त्यांनी ती आमच्याकडे पाठवावी, विशेषतः तिच्यातील पात्रतेचे आणि मुदतीचे कलम. पुढील अंकांतून आम्ही ती शेजारी शेजारी छापू आणि अशा करारनाम्याचा मसुदाही चर्चेसाठी ठेवू.