एलीयाची भाकर

रविवारी उपासनेत पाळक प्रार्थनेच्या विनंत्या विचारतात तेव्हा आमच्या लहानशा मंडळीत लगेच हात वर होतात. कुणाच्या वडिलांची शुगर वाढलेली असते, कुणाच्या मुलाची भरतीची परीक्षा असते, कुणाला सोयाबीनच्या भावाची काळजी असते. धाराशिव जिल्ह्यात पावसासाठीची विनंती तर ठरलेलीच. पण ‘मी थकलेय, माझ्यासाठी प्रार्थना करा’ असं म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. मंडळीत नर्स आहेत, शिक्षिका आहेत, एसटीचे कंडक्टर आहेत, आशाताई आहेत. आठवडाभर राबून सगळे स्वच्छ कपड्यांत येऊन बसतात आणि दुसऱ्याच्या आजारासाठी कळकळीनं प्रार्थना करतात. स्वतःचं बोलत नाहीत, कारण कामानं खचलो असं कबूल केलं तर विश्वास कमी पडतोय असा अर्थ लावला जाईल, अशी भीती असते.

मीही त्याच भीतीनं गप्प राहिले होते. नर्स म्हणून वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर दमणं मला नवीन नव्हतं. नाइट संपली की पाय सुजायचे, झोप झाली की उतरायचे. नंतर जे सुरू झालं ते मात्र झोपेनं जाईना. दोन माणसांचं काम एकीकडे, नाइटनंतरचा ऑफ ऐन वेळी रद्द, आणि त्यावर ‘सिस्टर, तुम्ही तर सेवाभावी’ अशी स्तुती. हळूहळू पेशंटचं नाव लक्षात राहीना, नुसता बेड नंबर राहिला. नातेवाईक काही विचारायला आला की कपाळावर आठी यायची. सलाइन लावताना समोरचा माणूस कण्हतोय याचं काही वाटेनासं झालं, आणि याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. घरी बायबल उघडलं तर एकाच ओळीवरून नजर फिरत राहायची, आत काही पोचत नसे.

याला बर्नआउट म्हणतात. हा शब्द चर्चेत आणला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञानं, १९७४ साली. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो काम करत होता आणि तिथले कार्यकर्ते खचताना त्यानं पाहिले होते. म्हणजे या अवस्थेचा अभ्यास झाला तोच मुळी सेवाभावानं काम करणाऱ्यांवरून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तिची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हणून. शक्ती संपणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन लक्षणं. कामाच्या जागी सतत राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण, हे कारणही त्या व्याख्येतच आहे. कर्मचाऱ्याचा कमकुवतपणा असं कारण तिथं कुठंही दिलेलं नाही.

आपल्या मंडळ्यांमधून मात्र वेगळंच ऐकू येतं. प्रभूनं क्रूस वाहिला, मग तुला एवढंही सोसवत नाही का? बोलणारी माणसं प्रेमाची असतात, हे मला माहीत आहे. तरी सांगते, हे बोलणं निर्दय आहे आणि शास्त्राला धरूनही नाही.

जुन्या करारातलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा राणी ईजबेलच्या धमकीनं जीव मुठीत धरून पळतो. रानात दिवसभर चालून एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. खचलेल्या कामकऱ्याचं याहून खरं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही. त्यावर देव काय करतो? एलीयाला कानउघाडणी नाही, उपदेश नाही. तो झोपतो. दूत येऊन त्याला हात लावतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा झोपला म्हणून त्याला कुणी रागावत नाही. दूत परत येतो, परत खाऊ घालतो आणि पुढची वाट तुला झेपणारी नाही हे स्वतःच सांगतो. होरेब डोंगरावर देवाशी बोलणं होतं ते या सगळ्यानंतर, चाळीस दिवसांनी. तिथंही त्याला पुढचं काम मिळतं त्यासोबत अलीशा नावाचा वारसदार मिळतो. आधी झोप, मग भाकर, मग जोडीदार. प्रार्थनेनं सगळं निभावतं असं म्हणणाऱ्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

आपल्या जिल्ह्यात हे समजायला अवघड जाऊ नये. तुळजापूरची भवानी दसऱ्यानंतर पलंगावर निजते ती थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. तिला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी नऊ दिवस लढून देवी दमली, तिला विश्रांती हवी, ही इथल्या भाविकांची भावना आहे. माझी श्रद्धा वेगळी, पण लहानपणापासून शेजारच्या घरांतून हे ऐकत आले आहे आणि मला त्याचा आदर वाटतो. ज्या मुलखात देवीच्या थकव्याला पंचांगात जागा आहे, तिथं नाइट करून आलेल्या बाईनं दुपारी झोपायचं तर तिला चोरट्यासारखं का वाटावं?

येशूही दमत होता. वादळात हेलकावणाऱ्या तारवात तो गाढ झोपला होता. मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात शिष्य गावोगाव काम करून परत येतात. माणसांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही. तेव्हा तो त्यांना एकांतात जाऊन विसावा घ्यायला सांगतो. पुढची हकिगत कुठल्याही नर्सला ओळखीची वाटेल: लोक त्यांच्या आधीच तिथं पोचलेले असतात. येशूला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवतो, पाच हजारांना जेवू घालतो. पण त्यानंतर लगेच तो शिष्यांना तारवात बसवून पुढं पाठवतो, लोकांना निरोप देतो आणि स्वतः एकटा डोंगरावर जातो. विसावा लांबला, पण तो त्यानं सोडून दिला नाही.

आता आपल्या शेजारचं. भूम ओलांडून खर्ड्यावरून गेलं की जामखेड लागतं. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी ते वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. तिथं रात्रंदिवस पेशंट तपासायचे आणि बरा होऊन गेलेला माणूस त्याच दूषित पाण्यामुळं, त्याच उपासमारीमुळं पुन्हा दारात उभा राहायचा. आणखी कष्ट करून हे सुटणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि कामाची रीतच बदलली. जामखेडला आधी प्रशिक्षित नर्सना गावात ठेवून पाहिलं, ते जमेना. मग गावातल्याच बायकांना शिकवायला घेतलं. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, अनेक दलित. या बायका ठरावीक दिवशी केंद्रावर जमायच्या, वेगवेगळ्या जातींच्या असून एकत्र राहायच्या, जेवायच्या. शिकायच्या आणि गावात काय सोसलं ते एकमेकींना सांगायच्या.

१९७१ मध्ये त्या भागात हजार जन्मांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निर्गम पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो जावयाला जे सांगतो तेच मला यात दिसतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसशील तर तूही झिजशील आणि हे लोकही. माणसं निवड, काम वाटून दे. आरोळ्यांचं कौतुक आपण त्यागासाठी करतो. मला त्यांची ही वाटणी त्यागाइतकीच पवित्र वाटते.

त्यागाचंच कौतुक करायची आपली सवय जुनी आहे. जानेवारी २०२० मध्ये इथल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पाठीच्या दुखण्यामुळं ते व्हीलचेअरवर आले. जिल्ह्यातल्या आम्हा मूठभर ख्रिस्ती लोकांना तेव्हा किती अभिमान वाटला होता! दुखणं सोसून आले म्हणून तो दुणावला, हेही खरं. पण फादर ज्या कॅथलिक चर्चचे धर्मगुरू होते त्याच्या १९८३ च्या कायद्यात धर्मगुरूंना दरवर्षी पुरेशी रजा मिळण्याचा हक्क लिहून ठेवलेला आहे. मनन-चिंतनासाठी वेगळा काळ काढणं तर त्यांचं कर्तव्यच मानलं आहे. वेदीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला जे लागतं, ते वॉर्डात उभ्या राहणाऱ्या बाईला लागत नाही का?

माझं सांगायचं तर, मला सावरलं ते आमच्या पाळकबाईंनी. मी उपासना चुकवायला लागले तेव्हा त्या घरी आल्या. बोलल्या फार कमी. स्वयंपाक केला, मुलांना आपल्याकडं नेलं आणि मला झोपायला सांगितलं. पुढं त्याच मला डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. प्रार्थनेत मन लागेना हे मी त्यांना रडत सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, “तुझ्या वाटची आम्ही करतो गं. तू बरी हो.” मंडळी कशाला असते हे मला त्या दिवसांत कळलं. विश्वासानं माझा थकवा उडवून नेला नाही. थकले म्हणजे देवानं टाकलं, ही समजूत तेवढी काढून घेतली. बाकी काम झोपेनं, औषधानं आणि रजेनं केलं.

आता मंडळीतल्या आम्ही काही जणींनी पाळी लावून घेतली आहे. कुणाची नाइट असली की सकाळचा डबा दुसरीच्या घरून जातो आणि रविवारी तिची मुलं आमच्यापैकी कुणीतरी सांभाळतं. तेवढ्यानं भागत नाही. म्हणून जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या चालकांपुढं आणि अधिकाऱ्यांपुढं दोन मागण्या ठेवते. ड्यूटीचा तक्ता महिना सुरू होण्याआधी लागू दे आणि नाइटनंतरचा ऑफ कुठल्याही कारणानं रद्द होऊ नये. माणसं कमी असतील तर जागा भरा. आणि पाळकांना विनंती, येत्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या घ्याल तेव्हा एकदा आपणहून विचारा, कामानं कोण थकलंय?